मागच्या गोदामातलं घुबड

३ जानेवारी. सकाळी ८.
नातीचा फोन. कॉलेजात गव्हाणी घुबडावर प्रोजेक्ट घेतलाय. खात्रीची माहिती मिळत नाही म्हणे. एका साइटवर एक, दुसरीवर भलतंच. म्हटलं, काखेत कळसा नि गावाला वळसा! ह्यांची वही घरात आहे. मागच्या पडक्या गोदामाच्या झरोक्यातलं घुबड, संध्याकाळी बाहेर पडायची वेळ, रोजची नोंद. पाच वर्षं ह्यांची. हे गेल्यावर चार वर्षं माझी, एकही दिवस न चुकवता.
निश्चय: रविवारपर्यंत सगळी स्वच्छ उतरवून देणे.

८ जानेवारी. रविवार.
निम्मी झाली. थंडी आणि डोळे. मध्ये लायब्ररीतलं पक्ष्यांवरचं पुस्तक वाचलं. त्यात चुका आहेत. लेखकाला पत्र लिहिणे.

१५ जानेवारी.
उतरवलेली प्रत पाठवली. नात म्हणाली, "आज्जी, तूच माझी गाइड." सुरुवातीला माझे आभार मानणार आहे. नको म्हटलं. एकदाच.

२२ जानेवारी.
तिच्या मॅडमना शंका. पहिली पाच वर्षं वेळ सूर्यास्ताप्रमाणे मागेपुढे होते, मग पुढे चार वर्षं उन्हाळा-हिवाळा रोज सात वाजायला दहा कशी? म्हटलं, वय झालं, सवय लागली असेल. नात हसली. "सवयी म्हाताऱ्या माणसांना लागतात गं, घुबडांना नाही."
त्या वेळी मी मागचं दार लावते. घुबड असतं तिथे. ओळखीच्याला रोज बघायला कशाला हवं? ह्यांना तरी मी रोज कुठे निरखून बघत होते?

२९ जानेवारी.
मॅडमना पुरावा हवाय. घुबड खाल्लेल्या उंदरांचे केस-हाडं गोळी करून ओकतं, त्या गोळ्या. झरोक्याखाली गेले. एकही नाही. झरोक्यावर कोळ्याचं जाळं, या कडेपासून त्या कडेपर्यंत, धुळीनं जाड झालेलं. दुसरीकडून जात असेल. उद्या नीट बघणे.

३० जानेवारी.
पाय दुखतोय.

५ फेब्रुवारी.
नात आली. गोदामाकडे एकटीच गेली. परत आली, हात धुतले, मूळ वही घेऊन समोर बसली. म्हणाली, "तुझी चार वर्षं मी काढून टाकते. मॅडमना मीच सांगेन. पण आजोबांची पाच तरी खरी ना? नाहीतर सगळंच बाद होईल."
खरीच, म्हणणार होते.
शेवटचं वर्ष-दीड वर्ष हे पलंगावर होते. अंधारायला लागलं की आतून विचारायचे, "आलं का गं?" मी ओट्याशी. "आलं हो," म्हणायची. ते घड्याळ बघून लिहायचे. मी खिडकीपर्यंत गेले असते तर दूध उतू गेलं असतं.
नातीला सांगितलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. पेन्सिल काढून म्हणाली, "मग त्यांनी स्वतः पाहिलेलं शेवटचं पान दाखव. तिथे रेघ मारू."
तासभर पानं उलटली. सगळी त्यांच्याच अक्षरात. मला ते पान सांगता आलं नाही.