चिमटीतली वाईन

तीर्थस्वरूप ताई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. पत्राला महिनाभर उशीर झाला, तेव्हा आधी चार शिव्या घाल आणि मग पुढे वाच. गुडघे कसे आहेत? गिरणीचा पट्टा सरकत नाही ना? तू गॅस बंद केला असशील की नाही, या काळजीनं मी इथे लेकाच्या घरचाच गॅस सारखा बंद करतो. (एकदा सूनबाईची भाजी शिजत असतानाही केला.) माझं पुढच्या रविवारचं परतीचं तिकीट निघालं आहे. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण या घराच्या भिंती पातळ आणि मजकूर नाजूक.

निघताना तू बजावलं होतंस, लेक रोज बाहेर खातो, वाईन पितो, त्याला वळणावर आण. मी विसरलेलो नाही. पण चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवलेला माणूस माल न तपासता नावं ठेवत नाही. म्हणून आधी तपासणी सुरू केली. ती अजून चालू आहे.

पहिली खालची बेकरी. (पाच मजले उतरताना दर मजल्यावर वाटतं, किल्ली वरच राहिली. एकदा खरंच राहिली.) फळीवर सांडलेलं पीठ मी सवयीनं चिमटीत चोळलं आणि म्हटलं, "दळताना तापलंय." बेकरीवाला खवळला. "आजोबा, पाव घ्या, नाहीतर वाट सोडा." दुसऱ्या दिवशी मात्र स्वतः दारात उभा. "पोतं बदललंय. जरा बघता का?" तेव्हापासून सकाळी सात वाजता मी गेल्याशिवाय तो पोतं उघडत नाही. मला भट्टीतून नुकताच निघालेला पाव मिळतो. बोटं भाजतात, टाळू सोलवटते, पण काय सांगू ताई, उरलेल्या चार दातांचं सोनं झालं.

मग कोपऱ्यावरचं सहा टेबलांचं हॉटेल. तिथला वाढपी माझ्याच वयाचा, भुवया झाडूसारख्या. त्यानं माझ्या पेल्यात घोटभर वाईन ओतली आणि हात मागे बांधून माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. आता माल पुढे ठेवून कुणी असं उभं राहिलं तर मी काय करणार? दोन बोटं बुडवली, चिमटीत चोळली आणि म्हटलं, "बारीक आहे. चालेल." लेकानं तोंड मेनूकार्डात खुपसलं. सूनबाई म्हणाली, "अहो बाबा, ती प्यायची असते!" आणि हसून हसून तिला ठसका लागला. वाढपी मात्र गंभीरपणे म्हणाला, "बरोबर आहे साहेब. मागच्या आठवड्यातली जरा भरड होती." आता मी दिसलो की तो पेल्याआधी बोटं पुसायला रुमाल आणतो. वाईन काही भारीतली नाही गं, दुधालाच तिच्याहून दोन पैसे जास्त पडावेत अशी. दर घोटानंतर मी नाडी बघतो. अजून तरी आहे.

तिकिटाचं असं झालं की परवा सूप संपवून मी म्हटलं, "चला, फार दिवस झाले, आता निघायला हवं." पाहुण्यानं असं म्हणायचं असतं. त्यावर समोरच्यानं "अहो, राहा हो" म्हणायचं असतं. लेक म्हणाला, "बरं बाबा, करमत नसेल तर जबरदस्ती नाही," आणि तिथल्या तिथे तिकीट काढलं. सूनबाईचा चेहरा उतरला. आता बाप असून शब्द मागे कसा घेऊ?

असो. लेक अर्धाच पेला घेतो, उरलेला माझ्याकडे सरकवतो, म्हणजे वळण बरंचसं लागलं आहे. मलाही घराची ओढ लागली आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. ओढ वगैरे काही लागलेली नाही. रविवारच्या आत लेकाला फोन करून सांग, घरात नळ फुटलाय, धाकट्याला अजून महिनाभर तिथेच ठेव.

आणखी ता. क. खोटं बोलवत नसेल तर मोरीतला नळ तसाही कुजलाय. हातोडीचा एक घाव पुरे.

शेवटचं. नळ फुटल्यावर तूही तिथे कशी राहणार, हे आत्ता लक्षात आलं. तूच ये. पाच मजल्यांचं काय ते बघू, बेकरीवाला दणकट आहे. वाढप्याला तर कधीचंच सांगून ठेवलंय की आमच्या ताईची चिमटी माझ्याहून तयार आहे. त्यानं एक बाटली तुझ्यासाठी बाजूला ठेवलीय. लवकर कळव, मी फोनपाशीच बसून आहे. (फक्त सकाळी सातला करू नकोस. तेव्हा पोतं उघडतं.)