पहिल्या दिवसाचा सीआरपी

प्रिय धाकट्या,

फोनवर तू 'आकडा किती?' एवढंच विचारतोस आणि उत्तर मिळालं की ठेवून देतोस. म्हणून हे लिहून पाठवते आहे. शेवटपर्यंत वाच. मधेच फोन करू नकोस.

बाबांचं लायपेज तीन हजारांवरून चारशेवर आलं म्हणताच तू सगळ्या नातेवाइकांना ते धोक्याबाहेर असल्याचं कळवून टाकलंस. कोणी सांगितलं तुला? काकू सकाळी द्राक्षं घेऊन वॉर्डच्या दारात हजर. ज्या माणसाला पाण्याचा घोटही बंद आहे, त्याच्यासाठी द्राक्षं! नर्सने त्यांना परत पाठवलं आणि रुसल्या माझ्यावर. लायपेज एवढंच सांगतं की स्वादुपिंडाला सूज आली आहे. ती किती जिवावर बेतेल हे त्यावरून कळत नाही. तुला तीनदा सांगून झालं. पूल बांधतोस ना तू? एक खांब बघून वरून गाड्या सोडतोस का?

बाबांचीही तीच तऱ्हा. दुखणं दहापैकी किती, असं डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाले, तुम्हीच ठरवा, पास करा म्हणजे झालं. पोट फळीसारखं कडक, श्वास पुरत नाही, आणि विनोद चालू. रक्त काढायला दुसऱ्या कुणाला हात देत नाहीत, म्हणून खालची माझी लॅब सोडून मीच वॉर्डात जाते. शीर सापडायला जरा वेळ लागला की, वीस वर्षं केलंस काय, हा टोमणा ठरलेला.

आज तिसरा दिवस. सीआरपी, म्हणजे अंगातली सूज किती भडकली आहे ते सांगणारा आकडा, दोनशे ऐंशी; हवा दहाच्या आत. एवढं सलाईन चालू असूनही युरिया कालच्या दीडपट, म्हणजे मूत्रपिंडंही मागे पडताहेत. नमुना मशीनवर पुन्हा लावला. तेच. डॉक्टरांनी कागद वाचला आणि मला बसायला खुर्ची दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

आता माझं. पहिल्या दिवशी तू बॅग भरून बसला होतास. मी सांगितलं, सीआरपी नऊ आहे, नॉर्मल, येऊ नकोस. आकडा खरा होता. पण तेव्हा दुखायला लागून चारच तास झाले होते, आणि सीआरपी पुरता चढायला दोन दिवस लागतात. नव्या मुलींना मी हे दरवर्षी फळ्यावर लिहून शिकवते. मला तू इथे नको होतास. दोन वर्षांपूर्वी तू नि बाबा दार आपटून अबोला धरून बसलात, ते सगळं खाटेपाशी पुन्हा सुरू होणार आणि मधे मी, या विचारानेच वैताग आला.

बाबांनी काल विचारलं, धाकटा निघाला का. मी म्हटलं, त्याला रजा मिळत नाही. मिळत नाही की मागितली नाही, असं म्हणून ते भिंतीकडे वळले.  आज सकाळी खरं सांगितलं, की येऊ नकोस असं मीच तुला म्हटलं होतं.  म्हणाले, मग बोलाव की त्याला, बावळट. संध्याकाळपर्यंत श्वास सुधारला नाही तर घशात नळी घालतील, आणि मग त्यांना बोलता येणार नाही. मिळेल त्या गाडीने ये. भांडायचं असेल तर भांडा. मी बाहेर थांबेन.

तू चिडलास तरी तुझीच,
ताई