साबणाची वडी

३ नोव्हेंबर, सोमवार

कर्सर वेडा झालाय! 'द'चं पोट गोल करत होते. बाण मध्येच सटकला आणि सरळ खाली, पडद्याच्या तळाशी जाऊन बसला. अक्षराला भलतंच शेपूट फुटलं. पुसलं, पुन्हा काढलं — पुन्हा शेपूट. ट्रॅकपॅड पुसला. हात धुतले. बोटं कोरडी केली. फरक शून्य.

गेल्या महिन्यात बिनवायरच्या माऊसचं डावं बटण मेलं, म्हणून तो खणात टाकला आणि ट्रॅकपॅडवर निभावत होते. आता यालाही आजच मरायचं होतं! दातांच्या डॉक्टरांची पाटी शनिवारी द्यायचीय. नवा दवाखाना उघडतायत. अक्षरं मी काढायची, फाईल कटिंगवाल्याकडे जायची, तो मशीनवर कापणार. मशीनला डोकं नसतं. शेपूट दिलं तर ते शेपूटही कापणार.

टेबलावर हात आपटला तर आई आली. म्हणाली, हळू, बाबा झोपलेत. बाबा झोपलेले नसतात. पलीकडच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. त्याला आई झोप म्हणते.

४ नोव्हेंबर, मंगळवार

चार्जर काढून पाहिलं. वेग कमी केला, जास्त केला. सगळ्या सेटिंग उलट्यापालट्या केल्या. बाण थोडा वेळ गुणी मुलासारखा वागतो, मग एकदम वर, मग घसरत खाली. वर, खाली. मध्येच काही न दाबता यादी उघडते. माझी थट्टा चाललीय जशी!

दादाला फोन केला. म्हणाला, बंद करून चालू केलंस का? लांब राहणाऱ्या भावांना एवढंच सुचतं. बाबांचं विचारलं. तसेच आहेत म्हटलं. मग म्हणाला, बाबांच्या दुकानामागची रंगाची खोली रिकामी करून टाकू या, ते ब्रश आणि डबे आता कशाला. मी फोन ठेवला.

त्या खोलीत बाबांनी मला पाटी रंगवायला शिकवलं. आधी उभी रेघ. वरून खाली, एका दमात. ती जमल्याशिवाय अक्षराला हात लावायचा नाही. कित्येक दिवस मी नुसत्या रेघा ओढत होते आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या देत होते. पुढे मी कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्यांनी माऊस हातात घेऊन उलटासुलटा पाहिला होता. म्हणाले, "साबणाच्या वडीने अक्षरं काढणार तू?"

उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. आता थट्टाही करत नाहीत.

६ नोव्हेंबर, गुरुवार

लॅपटॉप काखोटीला मारून दुरुस्तीवाल्याकडे गेले. तिथे उघडला — काही नाही! बाण सुतासारखा सरळ. दुरुस्तीवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं की हिच्याच डोक्यात बिघाड असावा. तासभर बसले. एकदा म्हणून हलला नाही. "घरच्या अर्थिंगचा प्रॉब्लेम असेल, नाहीतर फॉरमॅट मारू," म्हणाला. त्याचं प्रत्येक वाक्य फॉरमॅटला जाऊन टेकतं. त्याचं नाव फॉरमॅटराव.

घरी आणून टेबलावर ठेवला. चहा होईपर्यंत गप्प होता. मग सुरू. डोक्यात तिडीक गेली. बाहेरच्यांपुढे शहाणा आणि घरात आला की हे रंग!

दुपारी व्यायामाच्या बाई आल्या होत्या. बाबांच्या उजव्या हाताखाली हात धरून म्हणाल्या, काका, एक बोट हलवा. बाबा म्हणाले, "नको." झटक्यानंतर त्यांचं बोलणं जड झालंय, पण हा शब्द स्वच्छ येतो. बाईंनी दाराशी येऊन मला सांगितलं, "ताई, हात पूर्ण गेलेला नाही असं मला अजून वाटतं. पण ते प्रयत्नच करत नाहीत. पुढच्या गुरुवारी येईन. तेव्हाही काही हललं नाही, तर मी उगाच येत राहण्यात अर्थ नाही." आई पदराशी चाळा करत उभी होती.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ट्रॅकपॅड सेटिंगमधून पार बंद केला. शेजारणीकडून वायरचा माऊस मागून आणला. हात बाजूला घेऊन बसले. बाण हलला!

ट्रॅकपॅड बंद, माऊसला हात नाही, तरी हलतो. फॉरमॅटरावांना फोन केला. म्हणाले, मग व्हायरसच. मारा फॉरमॅट. मारला. दिवस गेला. सगळे फॉन्ट, सगळं सॉफ्टवेअर पुन्हा घातलं. हुश्श करून पहिली रेघ ओढायला घेतली आणि बाण माझ्या डोळ्यांदेखत घसरत खाली गेला.

खिडकीतून फेकून द्यावासा वाटला. खरंच. खाली कोणी नव्हतंही.

८ नोव्हेंबर, शनिवार

व्हायचं तेच झालं. डोळ्यांत तेल घालून एकेक अक्षर तपासलं होतं, तरी फाईल पाठवण्याआधी बाण कुठेतरी घसरला असणार. मशीनने 'द' कापला, त्याच्या पोटाखाली आकड्यासारखं भलतं शेपूट! दातांच्या डॉक्टरांनी अक्षर हातात धरून पाहिलं. म्हणाले, "पहिल्याच अक्षराला कीड?" हसून म्हणाले, तेच जास्त लागलं. बुधवारपर्यंत नवीन देते म्हटलं.

घरी आले ती रागाने नुसती फुलून. बाबांच्या खोलीत गेले. चादर गळ्यापर्यंत, तोंड भिंतीकडे. काय झालं मला. म्हटलं, बाबा, तुमच्या दुकानातून किडकं अक्षर गेलं आज. ऐकताय ना? तुम्ही असे पडून राहा. बाई म्हणतात एक बोट हलवा, तेही नको. दादा ब्रश टाकून द्यायला निघालाय, तेही चालेल तुम्हाला. मला एकटीला नाही झेपत हे!

बाबा वळले नाहीत. आईने मला दंडाला धरून बाहेर आणलं. राग येतो त्यांचा, खूप येतो. आणि आल्यावर स्वतःचा येतो.

१० नोव्हेंबर, सोमवार

सापडलं!!

सकाळी आई बाबांची चादर बदलत होती. मी इकडे टेबलाशी. पलीकडे काहीतरी टणकन फरशीवर पडलं, आणि त्याच क्षणी माझा बाण पडद्यावर पिसाटासारखा इकडून तिकडे गेला. धावत गेले. पलंगाखाली माझा जुना माऊस! खणात टाकलेला. त्याचं खालचं बटण चालूच राहिलेलं. आणि त्याचे इशारे पकडणारा नखाएवढा रिसीव्हर लॅपटॉपच्या मागच्या बाजूला, चार्जरशेजारी, अजून तसाच. फॉरमॅटरावांना दिसला नाही, मला दिसला नाही. दुरुस्तीवाल्याकडे बाण का हलत नव्हता ते आता कळलं — माऊस इथे, पलंगावर!

आईवर इतकी भडकले. आठवडा गेला, पाटी गेली, अब्रू गेली, नि तू माझा माऊस अंथरुणात ठेवतेस! आई आधी गडबडली, मग तिलाही राग आला. व्यायामाच्या बाईंनीच सांगितलं होतं म्हणे, तळहातात मावेल असं गुळगुळीत काहीतरी हाताखाली देत जा. चेंडू गडगडून खाली जायचा. हे बरं बसलं. "बिघडलेलाच होता ना तो? वायरसुद्धा नाही त्याला. मला काय माहीत तो चालतो म्हणून."

रिसीव्हर उपटून ठेवून दिला. बाण गप्प.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आठवड्यानंतर शांत काम. 'द' झाला, गोल, भलत्या शेपटाशिवाय. अख्खी पाटी झाली. कटिंगवाल्याने अक्षरं कापून फोटो पाठवला, छान आलीत. खुश व्हायला हवं.

संध्याकाळी आईची समजूत काढायला गेले. कालचं मनात ठेवून होती. भाजी निवडत म्हणाली, तुझ्या लॅपटॉपशी मी कशाला खेळू, मी सकाळी तो त्यांच्या हाताखाली ठेवायची आणि कामाला लागायची. संध्याकाळी होता तिथेच असायचा.

तेव्हा मी हो हो म्हटलं. इथे येऊन बसले, पेन उघडलं, आणि हात थांबला. आई ठेवायची. आई हलवत नव्हती.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आई बाजारात गेली. जाण्याआधी माऊस बाबांच्या हाताखाली ठेवायला मीच सांगितलं. का, ते नाही सांगितलं. बाबांनाही काही बोलले नाही. दार लोटून टेबलाशी आले. रिसीव्हर लावला. कोरं पान, जाड ब्रश, काळा रंग. त्या माऊसचं बटण मेलेलं, म्हणून ट्रॅकपॅडच्या बटणावर अंगठा ठेवून बसले.

बराच वेळ काही नाही. मग बाण हलला. वर गेला की मी बटण सोडत होते, खाली यायला लागला की दाबत होते.

उभी रेघ. थरथरती, मध्ये वाकलेली. शेजारी दुसरी, तशीच.

तिसरी जरा सरळ आली.