रंध्याची जागा

प्रिय ऋषी,

फोनवर तू "बरं आहे ना सगळं?" एवढंच विचारतोस, मी "हो" म्हणते आणि आपण दोघं ठेवून देतो. म्हणून हे कागदावर लिहिते आहे. खंडेनवमीला अजून अठरा दिवस आहेत. यंदा तू घरी यावंस असं फार वाटतं. तुझी सृष्टी दहा वर्षांची झाली, पण अजून तिनं आपल्या आजोबांना पाहिलेलं नाही. तरी "ये" म्हणण्याचा हक्क मला आहे का, ते हे पत्र संपल्यावर तूच ठरव.

आबा ठीक आहेत. गुडघे दुखतात, पण सुभेदारी सुटलेली नाही; साडेपाचला दाढी करून ओट्यावर हजर. मी दर रविवारी सांगलीहून पहिल्या एसटीनं गावी जाते. कॉलेजच्या मुलांसाठी एक छोटं पुस्तक लिहिते आहे, इंग्रजीतल्या हत्यारांच्या आणि अवजारांच्या जुन्या शब्दांवर. आता ते जुन्या अर्थानं कुणी वापरत नाही. लिहिलेलं आबांना वाचून दाखवते. सुरुवातीला म्हणाले, "मेलेल्या शब्दांचं बारसं कशापायी घालतीस?" आता मात्र मी चहा पिईपर्यंतही त्यांना दम निघत नाही. "काढ गं वही, आज कुनाची पाळी?"

एकदा 'बिल' हा शब्द निघाला. आपल्या दुकानातलं बिल नव्हे. जुन्या इंग्रजीत बिल म्हणजे तलवार. पुढं लांब दांड्याच्या एका शस्त्राला ते नाव मिळालं आणि शेवटी उरला कुंपण छाटायचा कोयता. आबा ऐकता ऐकता उठले आणि भिंतीवरचा आपला जुना कोयता घेऊन आले. पणजोबांची तलवार मोडली तेव्हा तिच्या पात्याचा केलेला, आठवतो ना? मांडीवर घेऊन म्हणाले, "ह्यो बी मग बिलच की." 'ग्लेव्ह' आधी भाला होता, मग तलवार झाला, हे त्यांना पटलं नाही. "भाल्याची तलवार? नोंद ठेवनारा कारकून झोपला असंल."

मागच्या रविवारी 'टूल' आला. आज टूल म्हणजे अवजार, पण एके काळी इंग्रज तलवारीलाही टूल म्हणत, असं मी वाचलं. आबा म्हणाले, "त्यात नवल काय? आपल्यात शिपायाची हत्यारं, सुताराची बी हत्यारंच. केरबा सुतार जन्मभर हत्यारंच म्हनत आला." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "यंदा बी जागा ठिवू का गं?"

कसली जागा, हे मला विचारावं लागलं नाही. माझ्या लग्नानंतरही खंडेनवमीला हत्यारं धुऊन, हळदकुंकू लावून घोंगडीवर मांडायचं काम माझंच होतं. घरातल्या प्रत्येकाचं एक. आईचं खुरपं, आबांची खुकरी, पणजोबांचा कोयता, माझी लेखणी. पण तू जेवण न करता निघून गेलास, त्यानंतर माझ्यानं ते होईना. गेली अकरा वर्षं आबाच मांडतात. खुकरी आणि खुरप्याच्या मध्ये वीतभर घोंगडी मोकळी सोडतात आणि तिथंही दोन झेंडू ठेवतात. मी ते बघत होते आणि न बघितल्यासारखं करत होते.

तू त्या वर्षी फौजेचं ट्रेनिंग सोडून आला होतास आणि केरब्याच्या हाताखाली काम करत होतास. पारावरची माणसं आबांना ऐकवायची, "सुभेदार, पोरगं कुठल्या पलटनीत? रंध्याच्या?" त्या सकाळी तू आंघोळ करून आलास, घोंगडीवर तुझा रंधा दिसला नाही, तू आबांकडं पाहिलंस आणि पिशवी उचललीस. तुला वाटलं, आबांनी काढला. आबांना आजही वाटतं, तो तूच उचलून नेलास. रविवारी म्हणाले, "पूजंतनं हत्यार नेलं त्यानं, म्हंजी घरच सोडलं म्हनायचं."

ऋषी, तो मी ठेवलाच नव्हता. माझ्या सासरची माणसं जेवायला येणार होती, थोरले दीर कॅप्टन. रंधा धुऊन हातात घेतला आणि मला लाज वाटली. आबांच्या भीतीनं मी तसं केलं असं स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. खरं नाही ते. आबा मला एका शब्दानं काही बोलले नव्हते. फडक्यात गुंडाळून मी तो माझ्या पिशवीत टाकला, माणसं गेली की ठेवू म्हणून. तू त्याआधीच गेलास. नंतर दर वर्षी तोंड उघडणं जास्तच अवघड होत गेलं. रंधा अजून माझ्या कपाटात आहे, पात्याला तेल लावत आले आहे. या रविवारी आबांना सांगणार आहे, पण आधी तुला सांगायचं होतं, कारण रागावण्याचा पहिला हक्क तुझा. राग माझ्यावर धर, हवा तितका. आबांवरचा मात्र सोड. त्यांनी तुझी जागा कधीच दुसऱ्या कशाला दिली नाही. खंडेनवमीला रंधा मी घेऊन येईन. घोंगडीवर ठेवायला तू ये.

तुझीच,
आक्का