डावऱ्या हाताची भाकरी

प्रिय समीक्षा,

प्रिय लिहायचं असतं म्हणून लिहिलंय. सगळं वाचून पटलं तर राहू दे, न्हाई तर खोडून टाक. दुसरीत माजी शाळा सुटली तेव्हा बाईंनी पत्राचा धडा अर्धाच शिकवला होता. वरचं प्रिय आणि खालची सही एवढंच मला येतं, मधलं सगळं आपल्या मनानं भरायचं हाय. फोन केला असता, पण माजं मला ठाऊक हाय. तिसऱ्या वाक्याला मी तुला लागेल असं काय तरी बोलणार आणि तू ठेवून देणार. कागदावर मी सावकाश बोलते. जोडाक्षर आलं की थांबावं लागतं, तेवढ्यात जीभ जरा थंड होते.

तुजा आबा हितं पुण्यात दवाखान्यात हाय, आज सतरावा दिवस. तुज्या बापानं तुला कळवलं नसणार, कारण कळवू नको म्हणून मीच त्याला बजावलं होतं. खाचरात पाणी बघायला गेला आणि बांधावरून घसरला, खुबा मोडला. मोडला तर मोडला, आठ दिवसांत घरी आलो असतो, पण छातीत कफ धरला आणि ऑपरेशन लांबलं. आता कफ उतरलाय तर माणूस खात न्हाई. चमचा तोंडापाशी नेला की भिंतीकडं बघतो. डॉक्टरीण बाई बरी हाय, ओरडत न्हाई, पण काल तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं की आजी, यांच्या अंगात ताकदच न्हाई, मंगळवारपर्यंत पोटात अन्न गेलं न्हाई तर मी हात लावणार न्हाई, आणि खुबा असाच राहिला तर हा माणूस खाटेवरून उठणार न्हाई. न उठणाऱ्या म्हाताऱ्याचं पुढं काय होतं ते मला कुणी सांगायला नको.

तर गेले पंधरा दिवस मी पुण्यात चांगलं जेवण कुटं मिळतं ते शोधत फिरतेय. हस हवं तर. बावीस वर्षं मी कारल्याच्या लेण्यांच्या पायथ्याला चूल मांडून ह्याच पुण्याच्या लोकांना पिठलं-भाकरी घातली, ते गाडीतून उतरायचे, नाकं मुरडायचे, मग तीन-तीन भाकऱ्या हाणायचे. आता मी त्यांच्या दारात उभी. दवाखान्याच्या क्यांटीनचा उपमा तर भिंतीला लावावा असा. घरून आणावं म्हटलं तर तुज्या आईच्या भाकरीला तव्यावरच चिरा पडतात, लोकलनं पुण्यात पोचेस्तोवर तिचा पत्रा होतो. आणि मला हितं स्टो पेटवू देत न्हाईत. तुजा बाप, राज्या, तळेगावच्या कंपनीतून सुटला की येतो आणि मोबाईल काढून मला तारे दाखवतो. ह्या हॉटेलला साडेचार तारे, आई. म्हटलं, तारे आबाला भरव.

तरी गेले. पेठेतल्या एका नावाजलेल्या हॉटेलात गेले, तितं जेवायच्या आधी वहीत नाव लिहावं लागतं. पाऊण तास फुटपाथवर बसले आणि वरण-भात घेऊन आले, तर वरणात साखर. आबानं एक घास घेतला आणि विचारलं, कुणाचं बारसं हाय. मग एका गार हवेच्या हॉटेलात गेले, भिंतीवर बैलगाडीचं चाक टांगलेलं, वाढणाऱ्या पोरांच्या डोक्याला फेटे, आणि दारात शोभेला जातं ठेवलेलं. जात्यात प्लाष्टिकची फुलं. तितली तांदळाची भाकरी सकाळचं मळलेलं पीठ थंड कपाटातून काढून थापलेली, दाताला लागते. इडलीवाल्याकडची इडली आणली. तो माणूस खरंच स्वच्छ, मागची मोरीसुद्धा बघून आले मी. कारण हॉटेल पुढून बघायचं नसतं, मोरीकडून बघायचं असतं, आणि मालक स्वतः तितं जेवतो का ते विचारायचं असतं. पण आबा म्हणाला, हा ओला कापूस मला नको. एकेक दिवस असा जात होता आणि त्याच्या मनगटाचं हाड वर येत होतं. मी पिशवी घेऊन रस्त्यानं वेड्यासारखी लोकांच्या ताटात बघत फिरायची. कुणी गरीब समजून वडापाव पुढं केला तर त्यालाही मी वाईट बोलले.

दवाखान्यातल्या दहाव्या दिवशी वॉर्डातली आया, शकुबाई, मला म्हणाली, मावशी, तुमी उगा लांब जाता. मागच्या गल्लीत, ग्यारेजच्या पलीकडं एक शटर हाय, पाटी न्हाई, खिडकीतनं डबा भरून देतात, पेशंटची माणसं तितंच जातात. मी गेले. खिडकीपाशी रांग होती आणि आतनं थापण्याचा आवाज येत होता. त्या आवाजावरनंच मला कळायला पाहिजे होतं. पण मी वासाकडं लक्ष दिलं. इंद्रायणी तांदळाच्या पिठाची उकड काढली की जो वास येतो, तो पुण्यात मी पहिल्यांदा घेतला. खिडकीतला माणूस खाली बघून म्हणाला, किती मावशी? मी बी पदर पुढं ओढून उभी, मी कुटं वर बघतेय. दोन म्हटलं. डबा घेऊन आले, आबाच्या हातात तुकडा दिला, त्यानं तो दुधात बुडवून खाल्ला. दुसरा मागितला. मी आनंदानं उरलेली भाकरी ताटात सपाट केली आणि मग मला ती दिसली.

भाकरी उलटी फिरवलेली होती. आपल्या घरात सगळ्यांची भाकरी उजवीकडं फिरते, म्हणून कड डावीकडं जराशी जाड राहते. हिची उजवीकडं जाड. तू आठ वर्षांची होतीस तेव्हा तुजा डावा हात परातीतून काढायला मी उलथन्यानं किती मारलंय. डावरीच्या हातची भाकरी कोण खाईल म्हणायची. तू रडत उजव्यानं थापायचीस आणि माजी पाठ वळली की पुन्हा डाव्यानं. तशी भाकरी अख्ख्या मावळात दुसरं कुणी करत न्हाई. आणि ती निम्मी आबाच्या पोटात गेलेली.

तू म्हणशील, मग काय झालं. काय झालं ते तुला ठाऊक हाय, तू दारातच होतीस. तीन वर्षांमागं कचेरीत लगीन करून तू सनीला घेऊन कारल्याला आलीस तेव्हा मी भाजीला मीठ घालत होते. तसंच मूठभर मीठ घेऊन बाहेर आले. आबा ओसरीवर बसला होता. मी मिठाची मूठ त्याच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, हिच्या हातचा कण ह्या घरातल्या कुणाच्या पोटात गेला तर ह्याच्या डोक्यावर. दुसऱ्या कुणाची आण घेतली असती तर तू मानली नसतीस, म्हणून त्याची घेतली. रागात माणूस घरातली सगळ्यात जड वस्तू उचलतो. तुमी दोघं गेल्यावर आबानं केसातलं मीठ झाडलं आणि म्हणाला, भाजी आळणी राहिली असंल.

राग कशाचा होता ते बी लिहिते, जोडाक्षरं आली तरी. सनीची आई सावित्राबाई वरच्या वाडीवरनं माज्या चुलीपाशी यायची. तिच्या डोंगरातली करवंदं मला चालायची, मध चालायचा, पावसाळ्यात तिनं खुडलेली भाजी मी पुण्याच्या लोकांना माजी म्हणून वाढली. पण तिला चहा द्यायची तो बाहेर ठेवलेल्या फुटक्या कपात. आणि तिच्या घरी मी कधी पाणी प्यायले न्हाई. बावीस वर्षांत एकदा बी न्हाई. त्या घरात माजी नात भाकरी थापणार, हे माज्या डोक्यात शिरंना. आता शिरलंय असं बी न्हाई. पण भूक असली की माणसाला बरंच काय काय शिरतं.

त्या दिवशी संध्याकाळी पाचला आबाला ताप भरला. डॉक्टरीण म्हणाली, सुईची जागा सुजलीय, त्याचा ताप, काळजी करू नका. तिचं शिक्षण मोठं. पण मला दिसत होता तो मिठाचा हात. दुसऱ्या दिवशी मी ती गल्लीच टाळली. खिचडी आणली, पेज आणली, एका बाईच्या पाया पडून तिच्या घरनं मऊ भात आणला. दोन दिवस त्यानं दाताला दात लावून ठेवले. खायला घातलं तर माजी आण त्याला मारणार आणि न घातलं तर भूक मारणार, दोन्हीकडं हात माजाच. खाटेखाली बसून मी देवाला बी शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी आबानं डोळे उघडले आणि एवढंच विचारलं, डावरी कुटंय?

म्हणजे त्याला पहिल्या घासालाच कळलं होतं.

मग मी पुन्हा रांगेत गेले. ह्या वेळी सनी खिडकीतनं मावशी म्हणाला न्हाई. आजी, जरा थांबा, गरम देतो, म्हणाला. डबा उघडला तर भाकऱ्यांच्या वर एक चानकी. शेवटच्या गोळ्याची एवढीशी, तळहाताएवढी भाकरी. आपल्याकडं चानकी विकत न्हाईत, ती घरच्या लेकराची असते. तुजी मी कायम चुलीच्या कडेला ठेवायची, तू शाळेतनं आली की आधी तीच. मी ती चानकी बघून डबा मिटला, पुन्हा उघडला. तू खिडकीआडून मला ओळखलंस आणि हाक न मारता चानकी ठेवलीस. माजीच नात. आबानं ती चानकी आधी खाल्ली. पुढचे तीन दिवस त्यानं खाल्लं, तोंडावर रंग आला, नर्सला तो गावच्या बैलांची नावं सांगायला लागला. मी रोज पाच वाजायची वाट बघत बसायची. त्याच्या कपाळाला हात लावून लावून माजा तळवा दुखला. एका संध्याकाळी अंग पुन्हा जरा गरम लागलं.

आणि काल त्यानं डबा बाजूला सारला. मी म्हटलं, आता काय. तर म्हणाला, राज्याची आय, चोरून आणलेलं किती दिवस खाऊ? तूच आण घालतीस आणि तूच पदराखाली लपवून आणतीस. ती पोरगी दोनशे पावलांवर थापत बसलीय. समोर बसून वाढू दे, न्हाई तर नको. काल दुपारपासून त्याच्या पोटात पाणीच हाय फक्त. आज सकाळी मी हात जोडले, तर भिंतीकडं बघितलं. आयुष्यभर हा माणूस माज्यापुढं बोलला न्हाई आणि बोलायला वेळ काय निवडली बघ. आज शनिवार हाय. मंगळवारला दिवस किती उरले ते मी मोजत न्हाई, तू बी मोजू नको.

मी खिडकीशी येऊन हाक मारू शकत होते. दोनदा आले बी. पण रांगेत माणसं असतात आणि मला मऊ बोलता येत न्हाई, तितं उभी राहून मी तुला पीठ कमी मळलंय म्हणाले असते. म्हणून रिकाम्या डब्यात हे पत्र घालून देतेय. भाकरी मागायला लिहिलं न्हाई. मिठाची आण कशी सुटते ते माज्या सासूनं मला सांगितलं होतं, तुला कुणी सांगितलं नसंल. जिनं घातली तिनं नुसतं सुटली म्हटलं म्हणून ती सुटत न्हाई. जिच्यावर घातली तिनं आपल्या घरच्या पाण्यात आपल्या हातानं मीठ सोडायचं आणि घालणारीनं ते उभ्यानं प्यायचं, सगळं, तळाला कण न ठेवता. म्हणून उद्या बारा वाजता मी येते, खिडकीशी न्हाई, शटरमधनं आत. सावित्राबाई तितं असंल तर तिला बी उभी कर, तिनं बघितलं पाहिजे. तांब्या तिच्या घरचा असंल तर बरं. कप असला तरी चालंल, फुटका असला तरी. मीठ डाव्या हातानंच सोड. मी पिते, मग तू डबा घे आणि माज्या पुढं चाल, मला जिना चढायला वेळ लागतो, त्याला तेवढा वेळ न्हाई.

तुजीच,
जिनं भाकरी शिकवली आणि मग खाणार न्हाई म्हणाली ती,
रतनबाई