संशोधन म्हणजे दुरुस्ती नव्हे

प्रति,
मा. साहाय्य अधिकारी,
राज्याबाहेरील मराठी नोकरदार कक्ष,
नवी दिल्ली.

विषय : जाहिरातीत एक पद दाखवून प्रत्यक्षात दुसरेच काम दिल्याबाबत दाद मिळणेसाठी.

संदर्भ : बोलमेळा डिजिटल, नोएडा यांची ‘मराठी संशोधन अधिकारी’ या पदाची जाहिरात.

महोदया,

१. सदर अर्जदार मूळची कराडची. तिने मराठी बोलींवर पीएच.डी. केली असून ती तेथील महाविद्यालयात कायम नोकरीत होती. जाहिरातीत ‘मराठी मजकुराचे संशोधन’ आणि ‘फिरतीची तयारी हवी’ एवढेच लिहिले होते. दिल्लीहून पानिपत जवळ. तिकडच्या बोलण्यात मराठी शब्द सापडतात का ते पाहता येईल, असे अर्जदाराने स्वतःच ठरवून टाकले. हुरळून जाऊन तिने राजीनामा दिला, आर. के. पुरमला विजयामावशीकडे मुक्काम ठोकला आणि करोल बागेतून चालायला दणकट बूट घेतले. बूट अद्याप कोरे आहेत.

२. रुजू होताच अर्जदाराला संगणकाने केलेल्या मराठीपुढे बसवण्यात आले. पहिलेच वाक्य होते, ‘तुमची गाडी रिकामी आहे, तिला थोडे प्रेम द्या.’ हे खरेदीच्या अ‍ॅपवरील ‘कार्ट’विषयी, म्हणजे टोपलीविषयी आहे, हे कळेपर्यंत जेवणाची सुट्टी झाली. फिरती म्हणजे दर आठवड्याला पाळी बदलते, असा खुलासा नंतर मिळाला.

३. मनुष्यबळ प्रमुख श्री. जयेश खुराना यांना विचारले असता ते म्हणाले, “मॅडम, संशोधन ही तो करवा रहे हैं. गलती ठीक करना संशोधन नहीं तो और क्या है?” येथे नमूद करणे भाग आहे की हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती; आपण ज्याला संशोधन म्हणतो त्याला ते शोध म्हणतात. जाहिरात मराठीत आणताना हा शब्द जसाच्या तसा राहिला आणि त्या एका शब्दावर विसंबून अर्जदार घरदार सोडून आली. श्री. खुराना वाईट गृहस्थ नाहीत. रोज आवर्जून चहा विचारतात. ऐकून मात्र घेत नाहीत.

४. दोन्ही अर्थांतील फरक दाखवणारे टिपण अर्जदाराने सादर केले. ते “इसमें संशोधन कीजिए” असा शेरा मारून परत आले. अर्जदाराने सवयीने ग्रंथालय गाठले आणि तळटीपांसह दुप्पट लांबीचे टिपण दिले. कामाकडे लक्ष नाही, असा ठपका आता तिच्यावर आहे.

५. त्यानंतर कंपनीने ‘मराठी त्रुटी निवारक’ या पदाचे नवे नियुक्तिपत्र काढले. कार्यालयात मराठी येणारे दुसरे कोणी नसल्याने ते तपासायला अर्जदाराकडेच आले. त्यात वाक्य होते, ‘जाहिरातीतील पदावर उमेदवाराचा हक्क राहील.’ शेजारच्या हिंदी मजकुरात ‘नहीं रहेगा’ होते. मराठीत नकार गळला होता. गप्प बसली असती तर अर्जदाराचे भले झाले असते. पण चुकीचे वाक्य तिच्याने सोडवेना. तिने ‘राहणार नाही’ अशी दुरुस्ती केली, पत्र परत पाठवले आणि मग जिन्यात जाऊन रडली.

६. या पत्रावर शुक्रवारपर्यंत सही करायची आहे. केली की जाहिरातीतल्या पदावर अर्जदाराने आपणहून पाणी सोडले असे होईल. न केल्यास नोकरी जाईल. तरी जाहिरातीप्रमाणे पद द्यावे अथवा झाल्या प्रकाराची जबाबदारी घ्यावी, असे आपण कंपनीस लेखी कळवावे, ही विनंती.

७. सही करणार नाही, असे अर्जदाराने बाबांना फोनवर ठणकावून सांगितले आहे आणि ते गल्लीभर कौतुकाने सांगत फिरत आहेत. आपल्यापासून काय लपवायचे? महाविद्यालयातली जागा भरली गेली. मावशीकडे किती दिवस राहायचे यालाही मर्यादा आहे. शुक्रवारपर्यंत आपले पत्र गेले नाही, तर अर्जदार सही करील.

आपल्या एका ओळीची वाट पाहणारी,
(सही)
डॉ. रसिका श्रीपाद पाटसकर
अर्जदार

दिनांक : ९ जुलै २०२५, बुधवार

सोबत : १. जाहिरातीची प्रत. २. टिपण, तळटीपांसह. ३. नवे नियुक्तिपत्र, अद्याप सही न केलेले.