मान, डावीकडे

३ मार्च
हिची मान महिनाभर दुखतेय. आज म्हणाली, बँडच्या मुलांचे चाळीस कोट शिवून झाले की शिलाई मशीन विकून टाकते. दुखण्याचं कारण मी शोधणार. कारखान्यात पस्तीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली आहेत. दोष माझ्या नजरेतून सुटत नाही.

४ मार्च
उशी बदलली. माझी हिला दिली, हिची मी घेतली. हिची फारच आरामशीर निघाली.

५ मार्च
मान वाकू नये म्हणून मशीनचं टेबल विटांवर चढवलं. हिचे खांदे कानाला लागले. विटा काढल्या. म्हणजे हिने काढल्या, मी टेबल धरलं.

७ मार्च
फिजिओबाईंकडे. म्हणाल्या, मान एकाच बाजूला, डावीकडे, फार वळते आहे. कशामुळे ते घरी पाहा, दिवसभर मोजा. मला विचारलं, काका, तुम्ही घरीच असता का? म्हटलं, रिटायर झाल्यापासून पूर्ण वेळ हिच्याजवळ. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

८ मार्च
मोजणी सुरू. माझी आरामखुर्ची हिच्या मागे, डाव्या अंगाला. निरीक्षणाला उत्तम जागा.
१०.०५ – चष्मा कुठे आहे विचारलं. डावीकडे वळली. कपाळावर आहे म्हणाली.
१०.२० – पेपरातला विनोद वाचून दाखवला. वळली. हसली नाही.
१०.३० – चहाचं काय, विचारलं. वळली.
१०.४० – मान कशी आहे विचारलं. वळून म्हणाली, दुखतेय.
संध्याकाळपर्यंत एकूण ६३.
निष्कर्ष : डावीकडची खिडकी. उजेडाकडे लक्ष जातं.

९ मार्च
खिडकीला जाड पडदा लावला. अंधारात हिच्या बोटात सुई गेली. लागलं का, असं चार वेळा विचारलं. एकूण ६८.

१० मार्च
पडदा नीट दिसावा म्हणून खुर्ची उजवीकडे हलवली.

१३ मार्च
यश. डावी बाजू मोकळी झाली. उजवी धरली. म्हणजे दुखणं फिरतं आहे. फिजिओबाईंना फोन करून सगळं सांगितलं, खुर्चीसकट. त्या म्हणाल्या, काका, चार दिवस कुठे जाऊन येता का? योगायोग म्हणजे थोरल्या भावाचं बोलावणं आलेलंच होतं.

१४ मार्च, सकाळी ७
पाय निघत नाही. ही एकटी कसं निभावणार? बॅग मात्र हिने काल रात्रीच भरून ठेवलेली.

१८ मार्च
परतलो. चाळीसच्या चाळीस कोट तयार. हिने मान दोन्हीकडे फिरवून दाखवली. मी म्हटलं, उशीचा परिणाम जरा उशिराच दिसतो. म्हणाली, तुमची ती मोजणी मोठ्याने वाचा. आठ तारीख काढली. दहा चाळीसपर्यंत वाचलं आणि थांबलो. पुढचं वाचवेना.

१९ मार्च
खुर्ची स्वतः उचलून मशीनच्या समोर ठेवली. मशीन विकणार का, विचारलं. कापडावरची नजर न काढता म्हणाली, बघू, आजचा दिवस जाऊ दे.
दुपारपर्यंत अकरा वेळा बोलावंसं वाटलं. प्रत्येक वाक्य आधी तपासलं. एकही पास झालं नाही.